तालुक्यातल्या आयएसपीचा मेल सर्व्हर हलवताना : प्रकल्प नोंदी, मार्च ते जून २०२५

१० मार्च

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्यात आम्ही ब्रॉडबँड देतो. घरगुती कनेक्शनं जास्त. त्याशिवाय कॅनिंगवाले, पतसंस्था, शाळा, लॉज, सीए अशा गिऱ्हाइकांची डोमेनं आणि मेलही आमच्याकडेच आहेत. हापूसचा हंगाम तोंडावर आलाय. वाशीच्या अडत्याची पट्टी, निर्यातीची कागदपत्रं, पल्पच्या ऑर्डरी, सगळं मेलवर चालतं. आणि गेले काही आठवडे रोज कुणाचा ना कुणाचा फोन येतोय, "अहो, मेल परत आला."

परत आलेल्या मेलचा स्क्रीनशॉट घेऊ नका, अख्खा मेल मागवा. स्क्रीनशॉटमध्ये नेमकी कामाची ओळ कापली जाते. त्या ओळीत तीन आकडी कोड असतो. ४ ने सुरू होत असेल तर समोरचा सर्व्हर 'नंतर या' म्हणतोय, आपला सर्व्हर आपोआप पुन्हा पाठवेल. ५ ने सुरू होत असेल तर मेल नाकारलाय, परत पाठवणार नाही. आमच्याकडे सगळे ५५० होते आणि पुढे स्पॅमहाउसचं, म्हणजे स्पॅमवाल्या पत्त्यांच्या याद्या ठेवणाऱ्या संस्थेचं नाव.

यादी नेमकी कुठली तेही बघा, कारण त्यावर पुढचं काम ठरतं. पीबीएलमध्ये असाल तर अर्थ एवढाच की या पत्त्यावरून (आयपी, म्हणजे नेटवरचा आकडी पत्ता) थेट मेल यायला नको असं धोरण आहे, कुणी गुन्हा केलेला नाही. एक्सबीएलमध्ये असाल तर त्या पत्त्यामागे कुठलंतरी यंत्र बिघडलेलं आहे आणि ते स्पॅम पाठवतंय. आम्ही एक्सबीएलमध्ये होतो.

कारण आमच्या मांडणीतच आहे. घरगुती गिऱ्हाइकांना १००.६४ पासूनचे सीजीनॅटचे, म्हणजे फक्त आमच्या जाळ्यात चालणारे पत्ते मिळतात आणि ती सगळी मोजक्या पब्लिक पत्त्यांवरून बाहेर पडतात. त्यांपैकीच एका पत्त्यावर जुना मेल सर्व्हरही बसवलेला आहे. म्हणजे कुणाच्या तरी घरातल्या व्हायरसची शिक्षा पतसंस्थेच्या मेलला. हे बरोबर नाही, आणि यादीतून नुसतं नाव काढून घेऊन सुटणारही नाही. मेल सर्व्हर नवीन पत्त्यावर न्यायचा आणि त्याआधी घर साफ करायचं, असं ठरलं.

१८ मार्च

पोर्ट २५, म्हणजे यंत्रावरचं २५ नंबरचं दार. एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे मेल जातो तो यावरून. घरगुती गिऱ्हाइकाला याची गरज नाही, त्याने ५८७ किंवा ४६५ वरून पासवर्ड देऊन मेल पाठवायचा असतो. स्पॅम पाठवणारा व्हायरस मात्र थेट २५ वर जातो.

घरगुती लाइनवरून २५ अडवायचा नियम लगेच ड्रॉपवर (थेट अडवणं) न लावता आधी राउटरवर नुसता लॉगवर (फक्त नोंद) ठेवला. असंच करा, घाई करू नका. लॉगमध्ये दोन प्रकारची यंत्रं स्पष्ट वेगळी दिसली. एक लॉजमधला सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि एका ऑफिसातला जुना पीसी : दर सेकंदाला वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या सर्व्हरना धडका. दुसरा प्रकार म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा, नेहमी एकाच सर्व्हरकडे जाणारे. ते निघाले स्कॅन करून मेल पाठवणारे प्रिंटर आणि एक बिलिंग सॉफ्टवेअर. पहिल्या प्रकाराला बंद करायचं, दुसऱ्या प्रकाराला फोन करून ५८७ वर आणायचं.

एका ठिकाणी वेळ गेला. लॉगवरून गिऱ्हाईक शोधताना पब्लिक पत्ता पुरत नाही, सोर्स पोर्ट (कनेक्शन ज्या पोर्टवरून निघालं तो) आणि वेळ दोन्ही लागतात. आमच्या दोन राउटरांच्या घड्याळांत काही मिनिटांचा फरक होता. त्यामुळे पहिल्यांदा शोधलं तेव्हा भलत्याच माणसाचं कनेक्शन समोर आलं. सुदैवाने बंद करण्याआधी माणूस पाठवला, त्या घरात एक टीव्ही आणि दोन मोबाइल, बाकी काही नाही. घड्याळं एनटीपीवर (नेटवरून वेळ जुळवायची पद्धत) लावली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपीशी जुळवायला आणि लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंच आहे. ते कागदावरचं काम समजू नका. घड्याळ चुकलं की निरपराध माणसाचं नेट तुटतं.

डीव्हीआरचा फॅक्टरी पासवर्ड बदलला, बाहेरून उघडा असलेला पोर्ट बंद केला. पीसी फॉरमॅट करायला सांगितलं. मग २५ ड्रॉपवर. यादीतून नाव काढायची विनंती यानंतरच केली. साफ न करता काढलं तर परत आत जातं आणि दुसऱ्यांदा जास्त त्रास होतो.

२७ मार्च

नवीन पत्ता मिळाला. आमच्या वरच्या प्रोव्हायडरने वेगळ्या रेंजमधला आठ पत्त्यांचा तुकडा दिला. घेण्याआधी त्या पत्त्यांचा इतिहास तपासला : पत्ता उलटा लिहायचा, पुढे यादीचं नाव जोडायचं आणि डीएनएसला (नावं आणि पत्ते जुळवून देणारी नेटची व्यवस्था) विचारायचं. उत्तर आलं नाही म्हणजे यादीत नाही. १२७.०.०.२ हा पत्ता चाचणीसाठी प्रत्येक यादीत मुद्दाम असतो, त्यामुळे आधी तो विचारून बघा. त्याचंही उत्तर येत नसेल तर तुमचा प्रश्नच नीट पोचत नाहीये.

आता पीटीआर, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी डीएनएसमधली नोंद. मेल घेणारा सर्व्हर बघतो की या पत्त्याला नाव आहे का, आणि त्या नावावरून परत तोच पत्ता मिळतो का. दोन्ही बाजू जुळायला हव्यात. शिवाय सर्व्हर हेलो म्हणताना जे नाव सांगतो तेही तेच असलेलं बरं. सरळ बाजू आपल्या डीएनएसमध्ये असते, उलटी बाजू पत्ता ज्याचा आहे त्याच्याकडे. म्हणजे आमच्या बाबतीत वरच्या प्रोव्हायडरकडे. तिकीट (विनंतीची नोंद) टाकलं.

९ एप्रिल

पीटीआर झाला असं उत्तर आलं आणि तिकीट बंदही झालं. मेल मात्र अजून नाकारले जात होते. डिगने (डीएनएसला विचारायची कमांड) विचारलं तेव्हा कळलं. खरा पत्ता इथे देत नाही, उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या २०३.०.११३.४२ वर दाखवतो. हवं होतं :

मेल.आमचंडोमेन.इन

मिळत होतं :

मेल.आमचंडोमेन.इन.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा

झोन फाइलमध्ये (डीएनएसच्या नोंदींची फाइल) नावाच्या शेवटी टिंब दिलेलं नाही. टिंब नसलं की डीएनएस सर्व्हर ते नाव अपुरं समजतो आणि झोनचं नाव पुढे चिकटवतो. एवढ्या एका टिंबासाठी तिकीट पुन्हा उघडायचं, पहिल्या पायरीच्या माणसाला समजावायचं, त्याने 'आमच्याकडून ओके दिसतंय' म्हणायचं. इथे लिहिणाऱ्यांना सांगतो, तिकिटात शब्दांत लिहू नका. डिगचं उत्तर जसंच्या तसं चिकटवा आणि खाली 'असं हवं' म्हणून ती ओळ टिंबासकट लिहा. आमचं काम त्यानंतर हललं.

याच निमित्ताने दुसरी मागणीही केली. आठच पत्ते असल्याने उलटा झोन थेट आपल्याकडे सोपवता येत नाही, तो पूर्ण २५६ च्या गटानेच तुटतो. पण आरएफसी २३१७ या इंटरनेटच्या मार्गदर्शक कागदात (१९९८ पासून) यावर मार्ग आहे : प्रोव्हायडरने आठही पत्त्यांसाठी सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणाऱ्या नोंदी) लिहायचे, ते एका छोट्या झोनकडे वळवायचे आणि तो झोन आपल्या नेमसर्व्हरकडे (डीएनएसची उत्तरं देणारा सर्व्हर) सोपवायचा. एकदाच करायचं काम. ते झालं आणि आता पीटीआर आमच्या हातात आहे. हे आधीच मागायला हवं होतं असं तुम्हाला वाटू नये म्हणून पहिल्याच तिकिटात मागा.

आयपीव्ही६ ची (नव्या, लांब पत्त्यांची पद्धत) एक गोष्ट इथेच नोंदवतो. पीटीआर जुळल्यावरही जीमेलकडे जाणारे काही मेल जायचे, काही परत यायचे. एकच गिऱ्हाईक, एकच मजकूर. लॉगमध्ये परत आलेल्यांच्या पुढे लांबलचक पत्ता दिसला. नव्या सर्व्हरला आयपीव्ही६ आपोआप मिळालं होतं, पोस्टफिक्स (मेल पाठवणारं सॉफ्टवेअर) ते वापरत होतं, आणि त्या पत्त्याला पीटीआर नव्हता. सध्या पोस्टफिक्स फक्त आयपीव्ही४ वर ठेवलंय. व्ही६ चा उलटा झोन मिळाला की उघडू.

१२ एप्रिल

एसपीएफ आणि डीकिम. एसपीएफ म्हणजे डोमेनचा मेल कुठून निघू शकतो ते सांगणारी डीएनएसमधली नोंद, डीकिम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. आमच्या स्वतःच्या डोमेनचं सोपं होतं. गिऱ्हाइकांचं एकेक डोमेन उघडून बघितलं तेव्हा खरी अवस्था दिसली.

एका डोमेनवर दोन एसपीएफ रेकॉर्ड. जुन्या वेब डिझायनरने एक टाकलेलं, नंतर कुणीतरी दुसरं. एसपीएफ एका डोमेनला एकच चालतं. दोन असली की दोन्ही बाद, निकाल पर्मएरर (कायमची चूक). दोन्हींतला मजकूर एकत्र करून एक ओळ केली.

पल्प निर्यात करणाऱ्याच्या डोमेनवर एकच रेकॉर्ड, पण त्यात इन्क्लूडची ('या सेवेची यादीही धरा' अशा सूचनांची) रांग : जुनी होस्टिंग, बातमीपत्राची सेवा, अकाउंटिंग, सीआरएम. एसपीएफ तपासताना डीएनएसला जास्तीत जास्त १० वेळा विचारता येतं, आणि इन्क्लूडच्या आतले इन्क्लूडही त्यात मोजले जातात. यांचा आकडा दहाच्या पुढे गेलेला. म्हणजे रेकॉर्ड दिसायला व्यवस्थित आणि निकाल मात्र नापास. त्यांच्या ऑफिसात बसून विचारलं, "यातलं आज काय वापरता?" निम्म्या सेवांचे पैसे भरणं त्यांनी कधीच थांबवलं होतं. त्या काढल्या. काही जण सगळे पत्ते सरळ लिहून ठेवतात म्हणजे मोजणी वाचते, पण सेवा देणाऱ्याने पत्ते बदलले की आपल्याला कळत नाही. मी ते करत नाही.

डीकिमने जास्त वेळ खाल्ला. २०४८ बिटची चावी घेतली. तिचा उघडा भाग डीएनएसमध्ये टीएक्सटी (मजकुराच्या) रेकॉर्डमध्ये ठेवतात. त्यातली एक स्ट्रिंग २५५ अक्षरांपेक्षा लांब असू शकत नाही, आणि ही चावीच ३९२ अक्षरांची असते. म्हणून ती दोन तुकड्यांत, वेगवेगळ्या अवतरणचिन्हांत लिहावी लागते. वाचणारा दोन्ही जोडून घेतो. आमच्या बाइंडच्या (नेमसर्व्हरचं सॉफ्टवेअर) फाइलमध्ये हे नीट झालं. पण काही गिऱ्हाइकांचं डीएनएस त्यांच्या रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या) पॅनलवर आहे. त्यांतल्या एका पॅनलने २५५ च्या पुढचं काही न सांगता कापून टाकलं. सेव्ह झालं असा हिरवा संदेशही आला. चाचणीत मात्र सही अवैध.

हे पकडायची एक सोपी खूण आहे. अशी आरएसए चावी साधारणपणे आय, डी, ए, क्यू, ए, बी या सहा रोमन अक्षरांवर संपते. डिगच्या उत्तरात शेवटी ही अक्षरं दिसली तर चावी पूर्ण पोचली. दिसली नाहीत तर कुठेतरी कापली गेली. त्या गिऱ्हाइकाचा झोन शेवटी आमच्या नेमसर्व्हरवर आणला.

१९ एप्रिल

नव्या सर्व्हरवर आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारं सॉफ्टवेअर) सुरू केला आणि चाचणीसाठी आत येणारा जवळपास प्रत्येक मेल स्पॅम ठरला. बँकेचा, शाळेचा, आमचा एकमेकांना पाठवलेला.

लॉगमध्ये प्रत्येक मेलपुढे स्पॅमहाउसकडून एकच उत्तर : १२७.२५५.२५५.२५४. हा 'यादीत आहे' असा निकाल नाही. सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (सगळ्यांसाठी डीएनएसची उत्तरं शोधून देणारा सर्व्हर) विचारलंत म्हणून उत्तर देत नाही, असा तो निरोप आहे. सर्व्हरवर रिझॉल्व्हर म्हणून गुगलचा ८.८.८.८ दिलेला होता, त्यातून जाणारे प्रश्न ते मान्य करत नाहीत. आणि आमच्या नियमात '१२७ ने सुरू होणारं काहीही आलं तर स्पॅम' असं ढोबळ लिहिलेलं होतं.

दुरुस्ती दोन ठिकाणी. मेल सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवला, तो कुणाला पुढे विचारत नाही, स्वतः मुळापासून शोधतो. आणि नियमात कुठल्या उत्तराचा काय अर्थ ते आकडा आकडा लिहून दिलं. चालू सर्व्हरवर हे झालं असतं तर दिवसभराचे मेल नाकारले गेले असते, म्हणून गाळणी नवीन लावली की पहिले काही दिवस नुसती खूण करा, नाकारू नका.

सरसकट ग्रेलिस्टिंगही बंद केलं. अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा परत पाठवायचं ही युक्ती जुन्या काळी उपयोगी होती, आता ओटीपीचा मेल उशिरा येतो आणि तोवर त्याची मुदत संपलेली असते. फक्त संशयास्पद गुण मिळालेल्या मेलपुरतं ठेवलंय.

२६ एप्रिल

शनिवारी रात्री हलवाहलव. एमएक्सचा (डोमेनचा मेल कुठे द्यायचा ती नोंद) टीटीएल, म्हणजे इतरांनी ती किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा, ८६४०० म्हणजे पूर्ण दिवस होता, तो आदल्या दिवशीच ३०० वर आणला होता. त्यामुळे बहुतेक मेल मिनिटांत नव्या सर्व्हरवर यायला लागले.

एक गाठ तरीही पडली. नवीन नाव डीएनएसमध्ये टाकण्याआधीच ऑफिसातून कुणीतरी ते आउटलुकमध्ये भरून बघितलं. 'असं नाव नाही' हे उत्तरही कॅशमध्ये (रिझॉल्व्हरच्या तात्पुरत्या आठवणीत) राहतं, किती वेळ ते एसओएच्या (झोनची मुख्य नोंद) शेवटच्या आकड्यावर ठरतं. आमचा तो आकडाही पूर्ण दिवसाचा. बाहेर सगळीकडे नाव दिसतंय आणि आमच्याच ऑफिसात दिसत नाही. रिझॉल्व्हरची कॅश पुसली, आकडा ९०० केला. नाव आधी जन्माला घालायचं, मग कुणाला सांगायचं.

जुना सर्व्हर बंद केला नाही. तिथे आलेला मेल नव्याकडे ढकलायची सोय करून ठेवली.

५ मे

गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर (गुगलच्या हिशेबात दिवसाला ५००० च्या पुढे) मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (पहिल्या दोन्हींत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही सक्तीचे केले. आजपासून मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या पत्त्यांसाठी तसाच नियम लावला. आमचा एकही गिऱ्हाईक त्या आकड्याच्या जवळ नाही. तरी सगळ्या डोमेनांवर तिन्ही आहेत, कारण लहान पाठवणाऱ्याला ओळख नसते, त्याच्याकडे दाखवायला कागदच असतात.

नवा पत्ता असल्याने पहिल्या आठवड्यात जीमेलकडून ४२१ येत होते. एका वेळी उघडायची कनेक्शनं कमी केली, हळूहळू वाढवली.

१३ मे

संध्याकाळी मेलच्या रांगेचा इशारा वाजला. नेहमी काही डझन मेल असतात तिथे हजारोंनी साठलेले, सगळे एका शाळेच्या ऑफिसच्या खात्यावरून. पासवर्ड शाळेचं नाव आणि पुढे १२३. लॉगिन एकाच तासात कितीतरी देशांतून.

क्रम लिहून ठेवतो, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. आधी त्या खात्याची रांगेतली सगळी पत्रं होल्डवर. मग पासवर्ड बदल. इथे एक फसवणूक आहे : पासवर्ड बदलल्यावरही मेल वाहतच होते. डव्हकॉटने (मेलपेट्या आणि लॉगिन सांभाळणारं सॉफ्टवेअर) जुना पासवर्ड कॅशमध्ये धरून ठेवला होता, आणि आधीच उघडलेली कनेक्शनं तोडल्याशिवाय तुटत नाहीत. कॅश पुसली, पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोन्ही थांबवून पुन्हा सुरू केले, तेव्हा थांबलं. शेवटी रांगेतून फक्त त्या एका पाठवणाऱ्याचे मेल काढले. घाईत अख्खी रांग पुसायचा मोह होतो. त्याच रांगेत कॅनिंगवाल्याचं दुबईला जाणारं इनव्हॉइस होतं.

मुख्याध्यापकांना फोन केला. ते फार अस्वस्थ झाले, "पालकांना काही गेलं का?" तपासून सांगितलं, शाळेच्या ओळखीतल्या एकाही पत्त्यावर गेलं नव्हतं. त्या रात्रीपासून प्रत्येक खात्याला तासाला १०० मेलची मर्यादा आहे, जास्त हवे असतील त्याने सांगून वाढवून घ्यायचे. सोपे पासवर्ड शोधून सगळे बदलायला लावले. हे काम तंत्राचं नाही, प्रत्येकाला फोन करून, त्याच्या मोबाइलमध्ये नवा पासवर्ड भरेपर्यंत थांबायचं काम आहे. त्यात मे महिन्याचा मोठा भाग गेला.

२६ मे

यंदा पाऊस मे मध्येच कोकणात उतरला. रात्री दरड आली, आमची फायबर तुटली, बॅकअप लिंकही त्याच रस्त्याने. तालुका अंधारात गेला ते समजू शकतो, पण त्याबरोबर सगळ्या गिऱ्हाइकांची डोमेनं जगातून गायब झाली. मुंबईत होस्ट केलेली त्यांची वेबसाइटही उघडेना.

दोन नेमसर्व्हर होते, पण दोन्ही एकाच खोलीत, एकाच स्विचवर. आरएफसी २१८२ ने १९९७ मध्येच सांगितलंय की दुय्यम नेमसर्व्हर दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या नेटवर्कवर ठेवा. आम्ही नावापुरते दोन ठेवले होते.

मेल मात्र हरवले नाहीत, आणि हे समजून घेण्यासारखं आहे. नेमसर्व्हर उत्तरच देत नसेल तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो, पोस्टफिक्स मूळ सेटिंगवर ५ दिवस प्रयत्न करतं. 'असं डोमेन नाही' असं स्पष्ट उत्तर गेलं असतं तर मेल तिथल्या तिथे परत गेले असते. म्हणून अर्धवट झोन घेऊन सर्व्हर कधीही सुरू करू नका, गप्प राहिलेला बरा.

लाइन जोडल्यावर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये दुसऱ्या कंपनीचा छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला, महिन्याला सुमारे सहाशे रुपये. तो आता दुय्यम नेमसर्व्हर आहे आणि दुय्यम एमएक्सही. दुय्यम एमएक्सवर गाळणी मुख्यासारखीच लावा, खरी खाती कुठली तेही त्याला माहीत हवं, नाहीतर स्पॅमवाले त्याच दाराने येतात. झोनचा सीरियल (बदलाचा क्रमांक) वाढवायला विसरलं तर दुय्यमला बदल कळत नाही, म्हणून तो आता स्क्रिप्टच वाढवते. दर मिनिटाला बाहेरून दोन्ही नेमसर्व्हर आणि त्यांचे सीरियल तपासणारी स्क्रिप्टही त्याच व्हीपीएसवर नको, तिसरीकडे हवी. ती एका मित्राच्या पुण्यातल्या मशीनवर ठेवलीय.

१४ जून

डीमार्क अहवाल वाचतोय. सुरुवात पी बरोबर नन अशी केली होती, म्हणजे काही नाकारायचं नाही, फक्त कळवायचं. रोज झिप केलेल्या एक्सएमएल फाइली येतात. उघडून बघायचा कंटाळा येतो, पण त्यातूनच कळलं की निर्यातदाराच्या वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म जुन्या होस्टिंगवरून, सहीशिवाय मेल पाठवतोय. सरळ रिजेक्ट लावलं असतं तर परदेशी चौकशा गुपचूप हरवल्या असत्या. फॉर्म आमच्या ५८७ वर वळवला, आता त्या डोमेनला क्वारंटाइन (नापास मेल स्पॅममध्ये) लावलंय.

फॉरवर्डिंग हा अजून न सुटलेला भाग. बऱ्याच जणांनी आमच्याकडचा मेल आपोआप स्वतःच्या जीमेलवर वळवलाय. तसं केलं की पाठवणाऱ्याचं एसपीएफ आमच्या पत्त्यावरून मोडतं, आणि आत आलेला स्पॅम आम्हीच पुढे पाठवला असं दिसतं. एकेकाच्या मोबाइलमध्ये आमचं खातं आयमॅपने (मेल सर्व्हरवर ठेवूनच वाचायची पद्धत) जोडून देतोय आणि फॉरवर्ड काढतोय. कॅनिंगवाल्यांचं झालं. पतसंस्थेच्या शाखा बाकी आहेत, पुढचा आठवडा त्यांच्यासाठी ठेवलाय.